पाठीवरचा आकडा

हुमनाबादला उतरून माणिकनगरला श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घ्यावे, तेथून भालकीला मामांकडे दोन दिवस राहावे आणि बिदरचा किल्ला पाहून परतावे, असा बेत कित्येक वर्षे आमच्या मनात घोळत होता. गेल्या मार्गशीर्षात तो सिद्धीस गेला. कलबुर्गीहून आम्ही उभयता आगगाडीने निघालो. कलबुर्गी-बिदर हा लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. खिडकीतून आधी काळीभोर जमीन आणि तुरीची उभी शेते दिसत राहिली. पुढे गाडी पठारावर चढली, तसा मातीचा रंग पालटत गेला आणि बिदरकडचा तांबडा जांभा डोकावू लागला.

माणिकनगरचे दर्शन शांतपणे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी भालकीच्या बसस्थानकावर उतरलो. या भागातील माणसाला आकड्यांची मोठी जाण असते, हे तेथेच ध्यानात आले. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या वाहनांवर भालकीचा ३९ होता, बिदरचा ३८ होता आणि लातूरचा २४ ही होता. रिक्षावाला आकडा पाहूनच प्रवाशाशी कानडीत बोलावे, मराठीत की दखनीत, हे ठरवीत होता.

मामांच्या घरामागे सोयाबीन निघालेले रान आहे. सायंकाळी तेथे मुलांचा क्रिकेटचा खेळ रंगला होता. दहा-बारा मुलांच्या अंगांत बाजारात मिळणारे रंगीबेरंगी सदरे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर आकडा होता. कुणाचा ७, कुणाचा ४५, दोघा-तिघांचा १८. एक सदरा बराच जुना, धुऊन धुऊन विटलेला, त्याच्यावर १०. मुलांत एक मुलगीही होती. डाव्या हाताने फलंदाजी करणारी ती मामांची नात, वय वर्षे तेरा. तिच्याही पाठीवर १८. विराट कोहलीचे वेड भालकीपर्यंत पोहोचले म्हणायचे, असे आम्ही मनाशी म्हटले आणि ओट्यावर टेकलो.

"आमच्या वेळी पाठ कोरी होती," मामा म्हणाले. "माणूस ओळखायचा तो त्याच्या चालण्यावरून."

मामांचे म्हणणे खरे आहे. फुटबॉलमध्ये पाठीवरचे आकडे १९२८ पासूनच दिसू लागले होते. १९५८ साली स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या पेलेच्या पाठीवर १० होता. ब्राझीलने क्रमांक न कळवल्यामुळे तो त्याला योगायोगानेच मिळाला, असे सांगतात. पण त्या मुलाने त्या आकड्याला असे काही मोल आणून दिले की पुढे तो आकडा मागून घ्यावा लागू लागला. क्रिकेटने मात्र फार उशीर केला. विश्वचषकात खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक आले ते १९९९ साली, आणि कसोटीच्या पांढऱ्या सदऱ्यावर तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये. १९८३ चा विश्वचषक आपल्या लोकांनी जिंकला तो कोऱ्या पाठीनेच.

रात्री जेवणे आटोपल्यावर मामा बोलते झाले. १९७३-७४ चा हंगाम. त्या आधीची सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. मामा तेव्हा गुलबर्ग्याच्या महाविद्यालयात शिकत होते आणि वसतिगृहात राहत होते. राज्याचे म्हैसूर हे नाव जाऊन कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला आले होते, आणि संघही नव्या नावाने मैदानात उतरला होता. बंगळूरच्या उपांत्य सामन्यात विश्वनाथने १६२ धावा काढल्या, ब्रिजेश पटेलने १०६. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, वाडेकर धावचीत झाला आणि मुंबईचे पंधरा वर्षांचे राज्य संपले.

"वसतिगृहात नुसता जल्लोष! माझ्या जिवलग मित्राने माझ्या हातात पेढा ठेवला. मी खाल्ला. गोड लागला, आणि तेच मनाला लागून राहिले. सुटीत घरी आलो तर वडिलांनी विचारले, 'काय रे, आपण जिंकलो की हरलो?' मला उत्तर देता आले नाही."

हा प्रश्न मामांच्या वडिलांना पडावा, यात नवल नव्हते. त्यांचे शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झाले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. भालकी, हुमनाबाद आणि खुद्द बिदर म्हैसूरकडे आले. मामांच्या आत्याबाई उदगीरला आणि वडील भालकीला. भाऊबीज पूर्वीसारखीच होत राहिली, पण ओवाळणारी एका राज्यात आणि ओवाळून घेणारा दुसऱ्या.

"पुढे १९७८ साली गावसकरच्या बहिणीचे लग्न विश्वनाथशी झाले," मामा हसून म्हणाले, "तेव्हा मला फार हायसे वाटले. चला, त्यांच्याही घरात आता आमच्यासारखेच!" गावसकरांच्या मुलाचे पूर्ण नाव रोहन जयविश्व. रोहन हे वेस्ट इंडिजच्या कन्हायवरून, जय हैदराबादच्या जयसिंहावरून आणि विश्व कर्नाटकाच्या विश्वनाथवरून. मुंबईच्या घरातील एका मुलाच्या नावात हैदराबाद आणि कर्नाटक दोन्ही आले. मामांच्या मते जुन्या बिदर जिल्ह्याला याहून शोभेसे नाव नाही.

मग १९९९ ची गोष्ट निघाली. ८ नोव्हेंबरला हैदराबादच्या लालबहादूर मैदानावर न्यूझीलंडशी सामना होता. आपल्या लहानग्या मुलाला घेऊन मामा आदल्या रात्रीच एस. टी.ने निघाले. त्या दिवशी सचिन तेंडुलकरने नाबाद १८६ आणि राहुल द्रविडने १५३ धावा केल्या. दोघांची भागीदारी ३३१ धावांची झाली, तो त्या काळचा विश्वविक्रम होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वडील प्रा. रमेश तेंडुलकर यांच्या निधनानंतर चार दिवसांनी सचिनने ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या होत्या. तेव्हाही समोरच्या टोकाला शतक करणारा द्रविडच होता. बाप सचिनसाठी टाळ्या वाजवीत होता, मुलगा द्रविडसाठी. इंदूरला जन्मलेला आणि बंगळूरला वाढलेला द्रविड मराठी घरातलाच, हे मुलाला त्या दिवशी मामांनी सांगितले. त्यावर मुलगा म्हणाला, "मग तो आपलाच की!" पुढे १० हा सचिनचा आणि १९ हा द्रविडचा आकडा म्हणून घराघरांत पाठ झाला. सचिनने मधल्या काळात ९९ आणि ३३ हे आकडेही वापरले होते. पण ग्वाल्हेरला २४ फेब्रुवारी २०१० रोजी पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातील पहिले द्विशतक त्याने केले, ते १० अंगावर घेऊनच. २०१७ साली शार्दूल ठाकूर तोच क्रमांक लावून उतरला तेव्हा लोकांना ते रुचले नाही. त्याने ५४ घेतला, आणि १० हा क्रमांक मग कोणाला देण्यात आला नाही. रानातला तो विटका सदरा मामांच्या मुलाचा, आता तो शेजारचा पोर घालतो.

"एवढे असून मुलगा कर्नाटकाचाच राहिला," मामा म्हणाले. "कानडी शाळेत शिकला, राहायचाच." जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला रणजीचा अंतिम सामना मुंबई आणि कर्नाटक यांच्यात झाला. कर्नाटकाला ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ काढल्या, आणि अवघ्या सहा धावांनी मुंबई जिंकली. मुलगा न जेवता उठून आत गेला.

"मग तुम्ही काय केलेत?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"काही नाही. दूरदर्शन संच बंद केला. त्याच्या हातात पेढा ठेवावा, असे मला वाटले नाही."

दुसऱ्या दिवशी नात आमच्याबरोबर बिदरला आली. महमूद गवानचा १४७२ चा मदरसा, त्याच्या मनोऱ्यावर तग धरून राहिलेली निळी-हिरवी कौले, किल्ल्याचे तांबडे बुरूज हे सारे तिने आम्हांला एखाद्या वाटाड्यासारखे दाखविले. तिकीटवाल्याशी ती कानडीत बोलली, चहावाल्याशी दखनीत आणि आमच्याशी मराठीत. बुरुजावर वारा भणाणत होता. तिच्या सदऱ्याकडे बोट दाखवून आम्ही म्हणालो, "कोहली फार आवडतो वाटते?"

"कोहलीचा नाही, काका," ती म्हणाली. "हा स्मृतीचा आहे."

आम्ही वरमलो. स्मृती मानधनाचा क्रमांकही १८ आहे, हे आमच्या ध्यानीच आले नव्हते. स्मृती सांगलीची. बंगळूरच्या संघाची ती कर्णधार, आणि १७ मार्च २०२४ ला महिलांच्या लीगचे विजेतेपद त्या संघाला तिनेच मिळवून दिले. सांगलीची मुलगी बंगळूरसाठी खेळते, यात त्या पोरीला सांगण्यासारखे काही वाटतच नव्हते.

परतल्यावर मामांना हे सांगितले. आजोबांना ती कानडी वळणाने 'अज्जा' म्हणते. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा झोपलेल्या मामांना हलवून ती ओरडली होती, "अज्जा, आपण जिंकलो!"

"आणि मी लगेच उठून बसलो," मामा म्हणाले. "आपण म्हणजे कोण, हे विचारावे लागले नाही."

निघताना मामींनी शिदोरीबरोबर पेढ्यांचा पुडा दिला. बस हलली. मागे वळून पाहिले तो मामा हात हलवीत उभे होते, आणि नात बॅट घेऊन रानाकडे धावत सुटली होती. वळणापर्यंत तिच्या पाठीवरचा १८ आम्हांला दिसत होता.