न्हाणीतला दगड

दौंडच्या घरी न्हाणीतले पाणी तुंबते, हे आई मला जवळजवळ वर्षभर सांगत होती. मी शिरूरहून महिन्यातून एकदा जायचो, जाळीवरचे केस काढायचो, बादलीभर पाणी जोरात ओतायचो आणि काम झाले असे समजायचो. 'पाणी जात नाही रे,' एवढेच ती म्हणे. न उच्चारलेले वाक्य ओळखायला वर्गात रोज शिकवणाऱ्या मला त्यामागचे वाक्य मात्र ऐकू आले नाही.

घोडनदीकाठचे शिरूर असो की भीमेकाठचे दौंड, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाही. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, हीटरवर खरखरीत पुट. जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि खडकांतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणते. पुढे ते तापले किंवा साचून सुकले, की वायू निघून जातो आणि विरघळलेले कॅल्शियम पुन्हा दगड होऊन बसते. साबणाशी या क्षारांचा चिकट साका होतो, केस त्याला धरून ठेवतात, आणि पाइपाची वाट अरुंद होत जाते. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' असा सुंदर शब्द होता. आई त्याला 'क्षाराचं पाणी' म्हणते.

एका रविवारी मी अ‍ॅसिडची बाटली आणली आणि जाळीवर ओतली. खूप फेस आला. तासाभराने पाणी थोडे ओसरलेही. मग फरशी वाळली आणि जाळीभोवती फिकट, खरबरीत डाग दिसू लागले. ती शहाबादी फरशी वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बसवलेली. चौरंगापाशी ती पावलांनी गुळगुळीत झाली होती. शहाबादी हा मुळात चुनखडकच. पाइपातला थर आणि पायाखालचा दगड एकाच द्रव्याचे. नको असलेले कोणते आणि जपायचे कोणते, हे अ‍ॅसिडला कसे कळावे?

आईने अंगठ्याने तो डाग चाचपून पाहिला. म्हणाली, "असू दे. निदान पाय तरी घसरायचा नाही आता."

वर्षभराचे वाक्य मला तेव्हा ऐकू आले. साबणाच्या साचलेल्या पाण्यात, पंच्याहत्तराव्या वर्षी, भिंतीला हात लावून ती रोज आंघोळ करत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि प्लंबरला बोलावले. त्याने जाळी काढत विचारले, "सर, नहाणी ट्रॅप कधी उघडलाच नाही का?" मी चमकलो. आम्ही सुशिक्षितांनी केव्हाच 'बाथरूम' म्हणायला सुरुवात केली. न्हाणी हा शब्द बोलीतून जातो आहे, अशी खंत मी व्याख्यानांतून व्यक्त करतो. तो मात्र बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही शिरून प्लंबरच्या तोंडी सुखरूप होता.

ट्रॅपमध्ये एक वाटी असते. तिच्याभोवती साचलेले पाणी गटाराचा वास अडवते, आणि क्षारही तिथेच बसतात. त्याने वाटी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. पुढचा पाइपाचा तुकडा कापून दाखवला, तर आत करंगळी जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. तो तुकडा त्याने बदलला. जाताना बजावले: वाटी महिन्याला काढून धुवा, पीव्हीसीत उकळते पाणी ओतू नका, व्हिनेगरही फरशीवर सांडू देऊ नका, आणि अ‍ॅसिडजवळ ब्लीचिंग पावडर कधीही नको. त्या दोघांतून क्लोरीन वायू निघतो, हे मी नंतर वाचले. बाटलीसोबत मी पावडरचा पुडाही आणला होता. तो तसाच न फोडता राहिला, हे नशीब.

आता दौंडला गेलो, की चहाआधी वाटी काढतो. महिन्याभरात तिच्यावर पांढरी साय धरलेलीच असते. ती दगड होण्याआधी बोटाने निघते. भिंतीवर आईच्या उंचीला एक दांडीही बसवून घेतली आहे. फरशीवरचे डाग मात्र तसेच आहेत. ते घासून काढावेत असे मला वाटत नाही.