रामदास बोटीचं देणं

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. बेंबळा आहे, अरुणावती आहे, दक्षिणेच्या सीमेवर पैनगंगा आहे. मी वाढले ते बाभूळगाव तालुक्यात, काळ्या मातीच्या आणि कापसाच्या मुलखात. भरती-ओहोटी हे शब्द आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत. तरीही अ‍ॅनिमेशनच्या कामात मला जे काही थोडंफार समजलं, ते एका बुडालेल्या आगबोटीमुळे. तिचं नाव रामदास.

17 जुलै 1947, गुरुवार, आषाढातली अमावास्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघाली. पोटापाण्यासाठी मुंबईत राहणारी अलिबागकडची माणसं गटारीला घरी चालली होती. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. पाऊस होता, वारा होता, पण हा रोजचा रस्ता होता. अर्ध्या तासात बोट काशाच्या खडकाजवळ पोचली. तिथे मोठी लाट अंगावर आली, बोट कलली, माणसं भेदरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे कित्येक तास मुंबईला काही कळलंच नाही.

हे सगळं मला शाळेत कुणी सांगितलं नाही. टायटॅनिक कधी बुडाली ते मला पाठ होतं, 15 एप्रिल 1912. रामदास बोटीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकत होते.

त्याआधीचं एक देणं सांगायला हवं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले चित्रकलेचे सर आम्हाला नदीवर नेत आणि पाणी काढायला लावत. रंग द्यायचे नाहीत, फक्त पेन्सिल. पाणी दगडाला कुठून वळसा घालतं ते बघा म्हणत. आम्ही सगळे लाटांच्या जागी वेलांट्या काढायचो. सर रागावत नसत, कागद परत हातात देत आणि पुन्हा बघायला सांगत. ते काय शिकवत होते हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा ते सांगायला सर राहिले नव्हते.

पुण्यात मी जे शिकले ते चकचकीत होतं. उडणारे केस, चमकणारं पाणी, उड्या मारणाऱ्या बाटल्या. शिकतानाच जाहिरातींची कामं मिळू लागली आणि कला म्हणजे बघणाऱ्याला थक्क करणं, अशी माझी समजूत झाली. त्याच सुमारास एका तासाला आम्हाला एक जुना मूकपट दाखवला. अमेरिकेतले व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी 1918 साली केलेला, लुसिटानिया जहाज बुडाल्याचा. ते जहाज 7 मे 1915 रोजी आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीने फोडलं. अठरा मिनिटांत ते तळाला गेलं आणि जवळपास बाराशे माणसं मेली. त्या घटनेचं चलच्चित्र कुणाकडेच नव्हतं. मॅकेंनी ते हातांनी काढायचं ठरवलं. पोटासाठी वर्तमानपत्राची चित्रं काढायची आणि उरलेल्या वेळात हे, असं त्यांनी जवळपास दोन वर्षं केलं. चित्रांची संख्या पंचवीस हजार सांगतात. लांबी म्हणाल तर जेमतेम बारा मिनिटं.

त्यात धूर ज्या सावकाशीने वर चढतो, जहाज ज्या जडपणाने एका कुशीवर कलतं, ते बघताना मला वर्गात गुदमरल्यासारखं झालं. जर्मनीविरुद्धचा राग त्या चित्रपटात उघड आहे, युद्धकाळातला तो प्रचारही आहे, हे मान्य. पण ज्याचा एकही फोटो नाही ते डोळ्यांपुढे उभं करणं, आणि मनाला येईल तसं नाही तर कळलेल्या माहितीच्या आधाराने उभं करणं, हे अ‍ॅनिमेशनचं काम असू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मॅके माझे गुरू झाले ते असे.

त्या रात्री खोलीवर मी हेच बोलत होते. माझी खोलीतली मैत्रीण अलिबागकडची. ती शांतपणे म्हणाली, ‘‘आमच्या आजीचा भाऊ रामदासमध्ये गेला.’’ मला वाटलं, रामदास म्हणजे कुणी माणूस. मग तिने सांगितलं. गटारीला सगळा गाव मटण करतो, पण त्यांच्या घरी आजी होती तोवर त्या दिवशी वशाट शिजलं नाही. लुसिटानियासाठी माझे डोळे भरून आले होते आणि हिच्या घरातली बोट मला ठाऊक नव्हती. ती त्याबद्दल कधी टोचून बोलली नाही. उलट दिवाळीला घरी गेली तेव्हा जुनी कात्रणं शोधून आणली.

त्या कात्रणांवरून मी अ‍ॅनिमेशनमध्ये रामदास बांधायला घेतली. लांबी सुमारे 180 फूट, रुंदी तीस फुटांच्या आत, 1936 साली बांधलेली. ‘माझी आगबोट’ म्हणून लोक जिला ओळखत त्या स्वदेशी कंपनीची ही बोट. कंपनीच्या बोटींना संतांची नावं असत. 1927 मध्ये तुकाराम बुडाली, वीस वर्षांनी रामदास. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मी सांगाडा उभा केला, पाणी सोडलं, लाट आणली. पण बोट उलटेना. कलायची आणि परत सरळ व्हायची. लाट दुप्पट केली की खेळण्यासारखी पालथी व्हायची, आणि ते बघूनच खोटं वाटायचं.

उत्तर मला गावी सापडलं, आमच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत. कापूस वेचून झाला की बाबा बंडीला तट्ट्या बांधून तो ठासून भरत आणि जिनिंगवर नेत. वर आम्ही मुलं बसायचो. कापूस हलका खरा, पण ढीग उंच. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी बंडी एकीकडे झुकायची आणि आम्ही घाबरून एकमेकांच्या अंगावर सरकायचो. मग बाबा ओरडत, ‘‘जाग्यावरच बसा रे, एका अंगाले सरकू नोका!’’ सुट्टीत मी बाबांना लॅपटॉपवर बोट दाखवली. ते म्हणाले, ‘‘माणसं कुठं हायेत हिच्यात?’’

माणसं मी घातलीच नव्हती. पाण्यावरची बोट जराशी कलली तर पाणीच तिला परत उभी करतं. जी बाजू खाली जाते तिथे पाणी जास्त जोराने वर रेटतं. पण वरच्या मजल्यावर गर्दी दाटली की वजनाचा मध्य वर चढतो आणि ही सावरायची ताकद कमी होते. त्यातच ती सगळी गर्दी एका अंगाला धावली, तर मग फार मोठी लाटही लागत नाही. मी डेकवर माणसांइतक्या वजनाचे ठोकळे मांडले, लाट आल्यावर ते एका बाजूला हलवले. बोट कलली, क्षणभर तशीच थांबली, आणि परत आली नाही. त्या थांबण्याने मी हादरले. ते मी काढलेलं नव्हतं, वजनाच्या हिशेबातून आपोआप आलं होतं. अलिबागच्या माणसांना काय दिसलं असेल याची पहिली खूण मला बाबांच्या एका प्रश्नाने दिली.

त्यानंतर मी रेवसला गेले. भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघते. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका वृद्ध कोळीबाबांना मी विचारलं, तर त्यांनी शेजारची पाटी उलटी करून बसायला दिली. त्यांच्या वडिलांच्या पिढीने रामदासमधली प्रेतं किनाऱ्याला येताना पाहिलेली. मी लॅपटॉप उघडला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘बाय, यो पानी पावसातला नाय.’’ माझ्या समुद्राचा रंग निळा होता, सिनेमातला. मुंबई बंदराचं पावसाळ्यातलं पाणी गढूळ, मातकट. लाटांच्या रांगा मी सारख्या अंतरावर घातल्या होत्या. त्यांनी हातातली सुई जमिनीवर टेकवून दाखवलं की खडकाजवळ पाणी उथळ होतं, लाट तिथे उंच होते, उभी राहते आणि परतणारं पाणी पुढच्या लाटेला आडवं जातं. नदीतल्या दगडाला पाणी कुठून वळसा घालतं, ते सर विचारत असत, तोच प्रश्न सुईच्या टोकावर होता.

मग ते होड्यांविषयी बोलू लागले. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांच्या होड्या वाटेत त्या माणसांजवळ पोचल्या. मासळी म्हणजे त्यांची सगळी कमाई. ती त्यांनी समुद्रात फेकली आणि जागा करून माणसं आत ओढली. पंच्याहत्तरच्या आसपास जीव वाचले ते अशाने. दहा-बारा वर्षांचा एक पोर कडं धरून तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच्याकडून शहराला बातमी कळली, असं सांगतात. हे सांगताना कोळीबाबांचा आवाज चढला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, की सगळे बोट कशी बुडाली तेच विचारतात.

त्या वाक्याने माझा आराखडा मोडला. माझ्या बारा मिनिटांच्या फितीतली दहा मिनिटं बोट बुडण्याची होती. मी ती कमी केली. लाट, कलणं, ते थांबणं आणि उलटणं एवढं ठेवलं. बुडणाऱ्या कुणाचाही चेहरा मी काढत नाही. त्यांची घरं अजून आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे बघताना तो चेहरा आपल्या माणसाचा आहे का असं शोधावं लागू नये. माणसं दुरून, पाण्यातल्या डोक्यांएवढीच दिसतात. होडीतल्या कोळ्यांचे हात मात्र जवळून काढते. पाटी उचलून मासळी ओतणारे, आणि लगेच वाकून ओल्या मनगटाला धरणारे. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. मनगट निसटतं आणि पुन्हा पकडलं जातं, तेवढ्याने माझे आठवडे जातात.

पूर्वी असल्या कामात मला माझी करामत दाखवायची घाई असे. आता कुणी पाण्याचं कौतुक केलं तर मी त्यांना कोळीबाबांबद्दल सांगते, बोट खरी वाटली म्हणालं तर बाबांबद्दल. अर्धवट झालेली ही फीत मी गेल्या वर्षी आमच्या शाळेत नेली. समुद्र न पाहिलेली मुलं जमिनीवर बसून बघत होती. एका मुलीने विचारलं, ‘‘त्या कोळ्यांना मासळीचे पैसे मिळाले का?’’ मला सांगता आलं नाही. आता तो प्रश्न घेऊन पुन्हा रेवसला जायचं आहे, पावसाळा सरला की.