एका चार्जमध्ये किती रॉड?

उसाच्या हंगामात भरलेली ट्रॉली वाटेत मोडली की पहिला फोन वेल्डरला जातो. जनरेटर टेम्पोत चढवायचा, डिझेल बघायचं, केबलची वेटोळी गोळा करायची आणि मग निघायचं, ही त्याची नेहमीची तारांबळ. त्यामुळे खांद्याला अडकवून नेता येईल असं बॅटरीवरचं मशीन त्याला हवंहवंसं वाटलं तर नवल नाही. ऑस्ट्रियाच्या फ्रोनियस कंपनीचं अ‍ॅक्यूपॉकेट सुमारे 11 किलोचं आहे. पाण्याच्या उंच टाकीवरचं रेलिंग जोडायला ते घेऊन एकटा माणूस शिडी चढू शकतो.

दुकानात मात्र सगळं बोलणं अँपिअरभोवती फिरतं. मशीन किती जाड रॉड पेलेल हे अँपिअरवरून कळतं. तो किती वेळ पेलेल हे बॅटरीच्या वॉट-तासांवरून. गावाबाहेर, विजेच्या खांबापासून दूर काम करणाऱ्याचं सगळं या दुसऱ्या आकड्यावर अडतं.

हिशेब सोपा आहे. बारा नंबरचा, म्हणजे 2.5 मिमीचा रॉड 80 अँपिअरवर लावला, तर आर्कला साधारण 23 व्होल्ट लागतात. गुणाकार केला की 1,840 वॉट. रॉड पाऊण ते एक मिनिटात संपतो, तेवढ्यात 25 ते 30 वॉट-तास खर्च होतात. मशीनमध्ये उष्णता होऊन जाते ती वेगळी. दहा नंबरच्या, म्हणजे 3.25 मिमीच्या रॉडला अँपिअरही जास्त आणि वेळही जास्त, म्हणून खर्च जवळपास दुप्पट. अ‍ॅक्यूपॉकेटच्या कंपनीचा दावाही याच अंगाने जातो: एका चार्जमध्ये 2.5 मिमीचे 18 रॉड, 3.25 मिमीचे फक्त 8.

आता कामं आठवावीत. गेटची निखळलेली बिजागरी, शेडच्या पाइपाचा सुटलेला टाका, पंपाच्या स्टँडचा पाय: दोन-चार रॉडांत मोकळं. ट्रॉलीचा ड्रॉबार तसा नाही. जाड चॅनेलला ग्राइंडरने खाच पाडून थरावर थर भरावे लागतात. अर्ध्यावर बॅटरी संपली तर कमजोर जोडावर टनावारी ऊस ओढायची वेळ येते. तिथे जनरेटरच न्यावा.

बॅटरीवर काम करताना साफसफाईलाही किंमत येते. गंज किंवा रंग राहिला, रॉड दमट असला, की आर्क धरत नाही. रॉड चिकटतो, तो हिसकून काढून पुन्हा टेकवावा लागतो. जनरेटरवर हे खपून जातं. इथे मोजक्या रॉडांतला एक वाया जातो.

गाडीच्या तीन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडूनही आर्क पेटतो, पण करंट आवरायची सोय नसते. शिवाय त्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो आणि शेजारी ठिणग्या उडत असतात. रोजच्या धंद्यात हा प्रकार कोणीही करू नये.

मशीन घेण्यापूर्वी डेमो मागावा. आपलेच रॉड, आपलीच पट्टी न्यावी आणि बॅटरी संपेपर्यंत रॉड मोजावेत. मग चार्जिंगला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून पाहावं. गाडीच्या सॉकेटमधून जेमतेम सव्वाशे वॉट मिळत असतील, तर 500 वॉट-तासांची बॅटरी भरायला चार तासांहून जास्त जातील, आणि एवढा वेळ रस्त्यात अडकलेल्या ट्रॉलीवाल्याकडे नसतो.