भीतभीत मारलेली हाक



एप्रिल 2021. बेळगावात कोरोनाची दुसरी लाट होती. मंडळीतल्या आजारी कुटुंबांना रोज फोन करण्याची सेवा माझ्याकडे होती. एका रात्री एका भगिनीचा फोन आला. पती ऑक्सिजनवर होते. “ताई, प्रार्थना करा,” एवढंच ती म्हणाली. मलाही ताप होता, शब्दच सुचेनात. शेवटी दोघी रडत म्हणालो, “प्रभू, तू कुठे आहेस?”

फोन ठेवल्यावर लाज वाटली. ही कसली प्रार्थना? मग मार्ककृत शुभवर्तमानाचा 4था अध्याय उघडला. मचव्यात पाणी भरत होतं, येशू झोपला होता. शिष्यांची हाकही तक्रारीचीच होती. तरी त्याने आधी वारा शांत केला आणि मगच त्यांना विश्वासाविषयी विचारलं.

आमचं वादळ तसं थांबलं नाही. ते बंधू घरी परतले नाहीत. चर्च पुन्हा उघडलं, तेव्हा ती भगिनी नेहमीच्या बाकावर होती. म्हणाली, “ताई, का झालं ते कळलं नाही. पण त्या रात्री मी एकटी नव्हते.”

प्रियांनो, भीती जाण्याची वाट पाहू नका. भीतभीतच हाक मारा. प्रभू आपल्याच मचव्यात आहे. आमेन.