लेकींची वाट
दिवस भरत आले असतां डॉक्टर बदलावा लागणें, यासारखी धास्ती दुसरी नाहीं. यजमानांची बदली टोकियोहून ओसाकास झाली तेव्हां मला ३४ वा आठवडा लागला होता. जपानी डॉक्टरांस मात्र त्यांत नवल वाटलें नाहीं. तेथेंहि लेकी बाळंतपणास माहेरीं जातात. या रूढीस ‘सातोगाएरी’ म्हणतात. त्यामुळें याच सुमारास इस्पितळ बदलणें नित्याचें. जुन्या डॉक्टरांचें पत्र आणि नोंदवही घेऊन मी नव्या दारांत उभी राहिलें. ही वही १९४२ सालीं गर्भवतींसाठीं निघाली. १९४८ पासून तींत बालकाचीहि नोंद होऊं लागली. वजन, रक्तदाब, बाळाची वाढ, सारें तींत होतें. माझी भीति तेवढी कोठें लिहिलेली नव्हती. लेकींच्या त्या जुन्या वाटेनें मीहि गेलें. वाटेच्या शेवटीं आई मात्र नव्हती.