बोट लागली?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दोघातिघांनी "ब्लॉग बंद पडला का?" म्हणून विचारलं. बंद नाही हो, सायलेन्सर बदलत होतो :)

माझा नाही, मामाच्या होडीचा. मामाची जुनी शिडाची होडी वर्सोव्याच्या खाडीत कोळ्यांच्या बोटींच्या शेजारी उभी असते. २६ फुटी, खाली दोन पाय, त्यामुळे ओहोटीला चिखलात नीट बसते. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं माझ्या बायकोने विचारलं होतं. वारा पडतो म्हणून.

तर झालं असं, जानेवारीत आम्ही सगळे मढच्या बाहेरपर्यंत गेलो होतो. परतताना वारा पडला. मामाने इंजिन लावलं आणि ओहोटीशी भांडत तासदीड तास आम्ही खाडीकडे येत राहिलो. चिमी उन्हाने कंटाळून आत केबिनमध्ये झोपली. उठली ती डोकं धरूनच. मग उलटी. "बोट लागली गं तिला," मामी म्हणाली आणि पिशवीतून आलेपाक काढला. आई लगेच तिच्या लहानपणीच्या रत्नागिरीच्या बोटीच्या गोष्टी सांगायला लागली, भाऊच्या धक्क्यापासून सुरुवात करून. आम्ही हसत होतो. समुद्र त्या दिवशी ताटात ओतलेल्या पाण्यासारखा होता, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. धक्क्यावर वाऱ्यात बसल्यावर चिमी हळूहळू बरी झाली.

पंधरा दिवसांनी मामाचा फोन आला. एरवी तो "काय रे, कुठे उलथलास?" असं सुरू करतो. त्या दिवशी म्हणाला, "चिमीला बोट लागली नव्हती. चूक माझी आहे."

सायलेन्सरची शिवण फाटली होती. तो ठेवलेल्या कप्प्याचं झाकण आतून काजळीने काळं झालेलं आणि तळाला खारं पाणी. कप्पा आणि केबिन यांच्यात एक फळी, तिलाही वायरींसाठी भोकं. म्हणजे धूर थेट पोरीच्या उशाशी. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो म्हणतात, पण बंद केबिनमध्ये तासभर काय कमी नि काय जास्त. त्याला स्वतःला वास नसतो, आणि रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डिझेलचा वास यायला हवा होता म्हणाल, तर ती होडी कायमच डिझेलने वास मारते. आमची नाकं सरावलेली.

आणि खरं ते पुढेच. थेंब थेंब गळतंय हे मामाला दिवाळीपासून माहीत होतं. त्याने एमसील लावून वर टेप गुंडाळली होती. "पाणीच तर गळतंय, असं वाटलं रे." जिथून पाणी येतं तिथून धूरही येणार, हे आयुष्यभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. मी फोनवर काहीच बोललो नाही. बायकोला सांगितलं तेव्हा तीही बोलली नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

गाडीचा सायलेन्सर कोरडा असतो, होडीचा ओला. इंजिन गार करून आलेलं समुद्राचं पाणी शेवटी धुरातच सोडतात. धूर थंड होतो, रबरी पाइप जळत नाही. इंजिन बंद केलं तरी डब्यात थोडं पाणी उरतंच. डिझेलमधलं गंधक जळून त्यात मिसळलं की आम्ल होतं. मीठ, आम्ल आणि उष्णता, मग लोखंड किती टिकणार? २०२० पासून आपल्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १० भागच असतं, पण मामाचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा.

जुना डबा काढायला अख्खा रविवार गेला. क्लिपा गंजून एकजीव झालेल्या. शेवटी पाइपच कापला. नमुना घेऊन साकीनाक्याच्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. तो म्हणाला, ३०४ घ्या, स्वस्त पडेल. मामा ३१६ वर अडून बसला, त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात जरा जास्त तग धरतं. दोन्ही तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. मग तो डबा मांडीवर घेऊन मेट्रोने वर्सोवा. सुरक्षा तपासणीत विचारलंच, "ये क्या है?" मामा अभिमानाने म्हणाला, "सायलेन्सर!" मागची रांग हसली.

बसवताना प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा. बाहेर जाणारा पाइप आधी पाण्याच्या पातळीच्या वर चढवून मग खाली, नाहीतर समुद्र उलटा इंजिनात. आणि इंजिन पकडत नसेल तर उगाच स्टार्टर मारत बसायचं नाही, डबा भरून पाणी मागे जातं. हे सगळं मामा मला दरडावून सांगत होता. फळीतली भोकं मात्र त्याने एकट्याने बुजवली, मला हात लावू दिला नाही. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय, चिमीच्या उशाच्या बरोबर वर.

इंजिन सुरू केलं, मागून भक् भक् पाणी पडायला लागलं. मामाने खिशातला पांढरा रुमाल प्रत्येक सांध्यावर धरला, पाच-पाच मिनिटं. रुमाल स्वच्छ. तरी तो अर्धा तास कप्प्यात डोकं घालून बसला होता.

चिमीला अजून विचारलेलं नाही. मामा म्हणतो, दिवाळीनंतर वारा बरा असतो. बघू.