एक पुस्तक, दोघींसाठी

एप्रिल उजाडला की फोनवर याद्या यायला लागतात. 'सुट्टीत वाचायलाच हवीत अशी 25 पुस्तकं', 'मुलांसाठी 10 पुस्तकं' वगैरे. आपण त्या सेव्ह करतो, चार ग्रुपवर ढकलतो. पुस्तक मात्र तेवढ्या सहज कुणाच्या हातात पडत नाही.

माझं कामच शिफारशींचं आहे. शॉपिंग ॲपमध्ये खाली 'तुम्हाला हेही आवडेल' अशी पट्टी असते ना, तसल्या पट्टीवर आमची टीम काम करते. त्यामागची युक्ती साधी आहे. तुमच्यासारखी खरेदी करणाऱ्यांनी आणखी काय घेतलं ते बघायचं आणि तुमच्यापुढे ठेवायचं. अडचण येते ती नव्या माणसापाशी. त्याची मागची काही नोंदच नसते, मग दाखवायचं काय? याला आम्ही 'कोल्ड स्टार्ट' म्हणतो. गेल्या मे महिन्यात मला घरातच असे दोन कोल्ड स्टार्ट भेटले.

एक आजी. ती सांगलीला काकांकडे असते. शाळा चौथीपर्यंत, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस तिचं वाचन बंद झालं. दुसरी काकांची ओवी, वय वर्षं 12. इंग्रजी जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत संपवते, मराठीत मात्र प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबते. तिला सुट्टी होती, म्हणून आजीला वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं. मी पंधरा दिवस तिथूनच ऑफिसचं काम करत होते, म्हणून पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे.

आधी 'श्यामची आई'. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक 42 रात्रींमध्ये विभागलेलं आहे. रोज एक रात्र, सहा आठवड्यांची सुट्टी. हिशोब चोख होता. पण दुसऱ्याच रात्री आजीच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांनी डोळा पुसायचा नाही असं बजावलेलं. पुस्तक कपाटात गेलं.

मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा सायकलवाला पोरगा ओवीला फारच आवडला. वाचायचा वेगही वाढला. पण आजी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे पोरगं साळंत कवा जातं?" आणि कूस बदलून झोपली.

तिसऱ्या खेपेला मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढली. 1955 सालची छोटेखानी कादंबरी. मेंढपाळांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर, वाडीनं मिळून बांधलेली तालीम, आणि मग दुष्काळ. आजीचं माहेर-सासर दोन्ही आटपाडीकडचं, म्हणजे माडगूळकरांच्याच माणदेशातलं. ओवीसाठी हे अवघड जाईल अशी मला धास्ती होती. झालं उलटंच.

"आजी, तालीम म्हणजे रिहर्सल ना?" ओवीनं विचारलं. आजी एवढी हसली की काकू स्वयंपाकघरातून धावत आली. मग आखाडा, लाल माती, घोंगडं, कारभारी सगळं समजावून झालं. ओवीला अक्षरं येत होती, आजीला शब्द येत होते. एकटीला कुणालाच ते पुस्तक तेव्हा वाचता आलं नसतं.

शेवटाकडे वाडी रिकामी होते तिथं ओवी वाचत असताना आजी म्हणाली, "आमचं गाव बी असंच झालतं. बाहात्तर साली."

आणि ती बोलत गेली. रस्त्याच्या कामावर दिवसभर खडी फोडायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. माझे बाबा तेव्हा दीड वर्षाचे. त्यांना बाभळीच्या झोळीत टाकायचं आणि हातोडी घ्यायची. मी लॅपटॉप मिटून ऐकत बसले. 1972 चा दुष्काळ आम्ही पुस्तकात चार ओळींत शिकलो होतो. माझ्या आजीनं त्यात खडी फोडली हे मला 28 व्या वर्षी कळलं. रात्री बाबांना फोन केला. झोळीचं त्यांनाही माहीत नव्हतं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिच्या शेजारी फोन ठेव जरा."

आजीनं हे कधी लपवलं नव्हतं. विचारायला कुणाला सुचलं नव्हतं एवढंच.

तेव्हापासून कुणी "सुट्टीत काय वाचू?" म्हणालं की मी उलट विचारते, "कुणाबरोबर वाचणार आहेस?" घरात कोण आहे, कुणाचे डोळे थकलेत, कुणाला कुठली भाषा जड जाते, हे तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या पट्टीला कधीच कळणार नाही. पहिलं पुस्तक फसेल, दुसरंही फसेल. फसू द्या. दोन पुस्तकं फसली म्हणून मी तिसऱ्यापाशी पोचले.

माझी 'बनगरवाडी'ची प्रत आता माझ्याकडे नाही. डोळा बरा झाल्यावर आजीनं ती स्वतः पुन्हा वाचली आणि विट्याला तिच्या धाकट्या बहिणीकडे धाडून दिली. आत तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'नातवाकडून वाचून घे. शेवट आला की मला फोन कर.'